राजकीय पक्षाची नोंदणी: घटनेच्या मसुद्यापासून एबी फॉर्मपर्यंत

पक्ष काढायला आपल्या देशात कुणाची परवानगी लागत नाही. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने दिलेलाच आहे. पण उमेदवाराच्या नावापुढे पक्षाचे नाव लागायला हवे असेल, देणग्यांवर प्राप्तिकराची सूट हवी असेल, सगळ्या उमेदवारांना एकच चिन्ह मिळावे अशी इच्छा असेल, तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २९ए खाली भारत निवडणूक आयोगाकडे नोंदणी करावी लागते. हे कलम १९८९ मध्ये लागू झाले. नव्या पक्षाच्या नोंदणीचे कागद तयार करण्याची आणि नंतर ते सांभाळण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. त्या कामातून जे कळले ते इथे क्रमाने लिहितो. झेंडा, घोषणा, जाहीरनामा यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. या कागदांबद्दल फारसे कुणी सांगत नाही.

पहिली अडचण तारखेची. पक्ष स्थापन झाल्याच्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत अर्ज आयोगाच्या सचिवांकडे पोचला पाहिजे, प्रत्यक्ष नेऊन किंवा नोंदणीकृत टपालाने. उशिरा आलेला अर्ज मुदतबाह्य धरतात. कार्यकर्त्यांना वाटते की मेळावा झाला तो स्थापनेचा दिवस. खरे तर ज्या बैठकीत नाव, घटना आणि पदाधिकारी यांचा ठराव झाला तो दिवस धरायचा, आणि मेळावा त्याच दिवशी किंवा नंतर घ्यायचा. मेळावा आधी झाला, त्याची बातमी छापून आली आणि ठराव मागाहून लिहिला, तर अर्जातली तारीख आणि वर्तमानपत्रातली तारीख जुळत नाही आणि त्याचा खुलासा करत बसावे लागते. म्हणून जेवढे कागद स्थापनेआधी तयार होऊ शकतात तेवढे आधीच करून ठेवावेत: घटनेचा अंतिम मसुदा, सदस्यांची यादी, मतदार यादीचे प्रमाणित उतारे, कार्यालयाच्या जागेचे कागद. सदस्यांची प्रतिज्ञापत्रे मात्र आधी करता येत नाहीत, कारण जो पक्ष अजून झालाच नाही त्याचा सदस्य असल्याची शपथ कुणी घ्यायची? ती स्थापनेनंतरच्या पहिल्या आठवड्यात उरकावीत.

घटनेवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा. नवे पक्ष तिथेच घाई करतात: एखाद्या जुन्या पक्षाची घटना उतरवायची, नाव बदलायचे आणि पुढे जायचे. ही घटना पुढची वीस वर्षे पक्षावर बंधनकारक राहणार आहे, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही. कलम २९ए च्या पोटकलम ५ प्रमाणे घटनेत एक विशिष्ट तरतूद असावीच लागते: पक्ष भारताच्या संविधानावर आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांवर खरी श्रद्धा व निष्ठा बाळगील आणि भारताचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता उन्नत राखील. या वाक्यात आपली लेखणी चालवू नये. कायद्यात जसे आहे तसे, शब्दाला शब्द ठेवावे. ‘समाजवाद आम्हाला मान्य नाही, तो शब्द गाळू’ असा आग्रह धरणारे एक-दोघे प्रत्येक गटात असतात. तो शब्द गाळला की नोंदणी मिळत नाही, एवढे त्यांना सांगावे.

दुसरी सक्तीची तरतूद अशी की, नोंदणीनंतर पाच वर्षांच्या आत पक्ष निवडणूक आयोगाने घेतलेली निवडणूक लढवील. इथे ‘निवडणूक आयोग’ म्हणजे भारत निवडणूक आयोग. नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे ती यात मोजली जात नाही. केवळ एका शहरात काम करणाऱ्या गटांनी हे आधीच समजून घ्यावे.

मग येतात अंतर्गत निवडणुका. प्रत्येक पातळीवरचे पदाधिकारी कोण निवडणार, किती वर्षांसाठी, मतदानाचा हक्क कुणाला, गणपूर्ती किती, हे सगळे लिहिलेले असावे लागते आणि मुदत पाच वर्षांहून जास्त ठेवता येत नाही. ‘संस्थापक अध्यक्ष तहहयात राहतील’ असे कलम घालण्याचा मोह अनेकांना होतो. २०२२ मध्ये वायएसआर काँग्रेसच्या बाबतीत आजीव अध्यक्षपदाचा प्रश्न आला, तेव्हा आयोगाने कायमस्वरूपी पद ही कल्पनाच लोकशाहीविरोधी असल्याचे स्पष्ट केले. पक्षाध्यक्षाला सगळी पदे नेमण्याचा अधिकार देणारी घटनाही अशाच कारणाने परत येऊ शकते. नेमणुका थोड्या ठेवाव्यात, बाकी सगळे निवडून.

माझे ठाम मत आहे की जेवढे पाळता येईल तेवढेच घटनेत लिहावे. उत्साहाच्या भरात राष्ट्रीय परिषद, राज्य परिषद, केंद्रीय संसदीय मंडळ, शिस्तपालन समिती, चौदा आघाड्या असे सगळे लिहिले जाते, वर ‘राष्ट्रीय परिषदेची बैठक वर्षातून दोनदा होईल’ अशी भर पडते. नंतर बैठक होत नाही, इतिवृत्त नसते, आणि वाद उभा राहिला की समोरची बाजू पहिल्यांदा तेच कलम दाखवते. आघाड्या, प्रकोष्ठ वगैरे घटनेत मोजून लिहू नयेत. ‘कार्यकारिणी आवश्यकतेनुसार आघाड्या स्थापन करू शकेल’ या एका वाक्याने काम भागते. विलीनीकरण, फूट, विसर्जन आणि घटनादुरुस्ती यांची पद्धत मात्र नीट, आकड्यांसह लिहावी: किती दिवसांची सूचना, किती सदस्यांची उपस्थिती, किती बहुमत.

हे आकडे किती मोलाचे ठरतात ते महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. शिवसेनेतल्या वादावर आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निर्णय दिला, तेव्हा पक्षाची २०१८ ची सुधारित घटना आयोगाच्या नोंदीवर नसल्याचा मुद्दा त्यात होता. पुढे विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ च्या निर्णयात आयोगाकडे असलेली १९९९ ची घटनाच ग्राह्य धरली. कोणाची बाजू बरोबर हा इथला विषय नाही. पक्षात काय ठरले यापेक्षा आयोगाच्या फायलीत काय पोचले हे निर्णायक ठरू शकते, एवढे त्यातून घ्यावे. कलम २९ए च्या पोटकलम ९ प्रमाणे नाव, मुख्य कार्यालय, पदाधिकारी, पत्ता किंवा इतर महत्त्वाच्या बाबींत बदल झाला तर तो विनाविलंब आयोगाला कळवायचा असतो. घटनादुरुस्ती झाली की ठराव, इतिवृत्त, उपस्थितांच्या सह्यांचा तक्ता आणि सुधारित घटनेची संपूर्ण प्रत असा संच पाठवायचा. आयोगाच्या आवक शिक्क्याची किंवा टपालाची पोच घ्यायची आणि ती पक्षाच्या कार्यालयात ठेवायची. अध्यक्षांच्या घरी नको, अध्यक्ष बदलतात.

घटनेच्या प्रत्येक पानावर अध्यक्षाची किंवा सरचिटणीसाची सही आणि पक्षाचा शिक्का लागतो. अर्जावर सही करायची ती पक्षाच्या मुख्य कार्यकारी पदाधिकाऱ्याने, त्याचे पदनाम काहीही असो. घटनेत त्या पदाला ‘सरचिटणीस’ म्हटले असेल आणि शिक्क्यावर ‘महासचिव’ असेल, तर त्रुटी निघते. शिक्के घटना अंतिम झाल्यावरच करून घ्यावेत.

आता शंभर सदस्य. किमान १०० सदस्यांची नावे अद्ययावत मतदार यादीत असल्याचे प्रमाणित उतारे लागतात, आणि त्या शंभरांत पक्षाचे सगळे पदाधिकारी आणि निर्णय घेणाऱ्या समित्यांचे सदस्य आले पाहिजेत. शिवाय त्या प्रत्येकाचे वैयक्तिक प्रतिज्ञापत्र: मी नोंदणीकृत मतदार आहे आणि आयोगाकडे नोंदलेल्या दुसऱ्या कोणत्याही पक्षाचा सदस्य नाही. त्यावर अध्यक्षाचे किंवा सरचिटणीसाचे आणखी एक प्रतिज्ञापत्र की, पक्षाचा कोणताही सदस्य अन्य नोंदणीकृत पक्षात नाही. ही सगळी नोटरी, शपथ आयुक्त किंवा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर करायची.

ऐकायला सोपे वाटते, पण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. माणूस सांगतो की मी दर वेळी मतदान करतो, आणि यादीत त्याचे नाव जुन्या गावी असते. पुनरीक्षणानंतर भाग क्रमांक बदललेले असतात. ओळखपत्राच्या झेरॉक्सवरून लिहिलेला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक चालू यादीशी जुळत नाही. यादीत नाव माहेरचे, आधारवर सासरचे. वडिलांचे नाव मधे आहे की नाही, आडनाव आधी की नंतर, आणि इंग्रजी स्पेलिंग तर तीन कागदांवर तीन तऱ्हेचे. यावर उपाय एकच. मतदार यादीत जसे नाव आहे तेच मूळ धरायचे आणि बाकी सगळे कागद त्यावरून लिहायचे. सदस्याला विचारून नाव लिहायचे नाही, उताऱ्यात पाहून लिहायचे. आम्ही एकच तक्ता केला: मतदारसंघ, भाग क्रमांक, अनुक्रमांक, ओळखपत्र क्रमांक, यादीप्रमाणे मराठी नाव, त्याचे ठरवलेले इंग्रजी स्पेलिंग, पद. प्रतिज्ञापत्र, सदस्य यादी, पदाधिकाऱ्यांची यादी सगळे त्या तक्त्यावरून छापले. हाताने भरलेला एकही कागद ठेवला नाही. प्रमाणित उतारे मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयातून मिळतात. एकाच मतदारसंघातली नावे एकत्र करून एकाच अर्जात मागितली की कारकुनाचेही काम सोपे होते आणि आपलेही.

शंभरच्या जागी सव्वाशे-दीडशे नावांची तयारी ठेवावी, कारण गळती होतेच. कुणी मिस्ड कॉल देऊन दुसऱ्याच पक्षाचा सदस्य झालेला असतो आणि त्याला ते आठवतही नसते. शपथेवर लिहून द्यायचे आहे, हे प्रत्येकाला समजावून सांगावे आणि शंका असेल तर आधीच्या पक्षाला पाठवलेल्या राजीनाम्याची प्रत ठेवावी. सरकारी कर्मचारी उत्साहाने नाव देतात. सेवानियमांप्रमाणे त्यांना पक्षाचे सदस्य होता येत नाही, त्यांची नोकरी धोक्यात येते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचेही तेच. त्यांना नम्रपणे बाजूला ठेवावे.

नाव ठरवताना आयोगाच्या संकेतस्थळावरची नोंदणीकृत पक्षांची यादी पूर्ण वाचावी. तीन हजारांच्या आसपास नावे होती. ती वाचल्यावर कळते की ‘जन’, ‘लोक’, ‘विकास’, ‘क्रांती’, ‘सेना’, ‘आघाडी’ यांची बहुतेक जुळणी आधीच कुणीतरी केलेली आहे. असलेल्या नावाशी साम्य असेल तर नाव बदलायला सांगतात. धार्मिक अर्थच्छटा असलेले नाव असेल तर २००५ पासूनच्या धोरणानुसार नोंदणी मिळत नाही. अर्जात पसंतीक्रमाने आणखी नावे सुचवून ठेवली तर बरे, कारण नाव बदलले की घटना, शिक्का, प्रतिज्ञापत्रे सगळे बदलते.

अर्जासोबत १०,००० रुपयांचा डिमांड ड्राफ्ट लागतो, आणि नोंदणी नाकारली तरी हे पैसे परत मिळत नाहीत. कार्यालयाची जागा भाड्याची असेल तर मालकाचे ना हरकत पत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडावा. आयोगाचे प्रत्येक पत्र त्या पत्त्यावर येणार आहे, हे जागा निवडताना लक्षात ठेवावे. वर्षभराच्या भाडेकरारावर घेतलेली दुकानाची माडी यासाठी चांगली नाही.

अर्जाची प्राथमिक छाननी झाली की जाहीर नोटिशीचा टप्पा येतो. आयोगाने दिलेल्या नमुन्यात, दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक दैनिकांत, प्रत्येकी दोन दिवस ही नोटीस छापावी लागते. प्रस्तावित नावावर कुणाला हरकत असेल तर प्रसिद्धीपासून ३० दिवसांत ती आयोगाकडे नोंदवायची असते. मजकुरात आपल्या मनाने काही घालू नये. पदाधिकाऱ्यांची नावे आणि पत्ता अर्जात असतील तशीच द्यावीत. जाहिरात एजन्सी जागा वाचवण्यासाठी शब्द गाळते, नावाचे संक्षिप्त रूप करते. प्रूफ स्वतः पाहिल्याशिवाय छापायला देऊ नये, कारण चूक झाली तर पुन्हा छापावे लागते आणि राष्ट्रीय दैनिकाचा दर नव्या पक्षाला परवडणारा नसतो. सगळ्या प्रक्रियेतला मोठा खर्च बहुधा हाच. छापून आलेल्या अंकांची पूर्ण पाने जपावीत, नुसती कात्रणे नकोत. वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख दिसली पाहिजे.

१ जानेवारी २०२० पासून अर्जाची स्थिती ऑनलाइन पाहता येते. अर्जात दिलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर संदेश येतात. म्हणून मोबाइल क्रमांक उत्साही कार्यकर्त्याचा न देता जो वर्षभर टिकेल त्याचा द्यावा. त्रुटीचे पत्र आले की मुद्द्याला मुद्दा असे उत्तर द्यायचे. त्यांनी चार मुद्दे काढले असतील तर चारच उत्तरे, त्याच क्रमाने, प्रत्येकाला परिशिष्ट. अर्धवट उत्तर पाठवून ‘बाकी लवकरच पाठवतो’ म्हटले की फाईल मागे पडते. अर्ज फेटाळण्याआधी म्हणणे मांडण्याची संधी देणे आयोगावर बंधनकारक आहे, पण तो निर्णय अंतिम असतो.

नोंदणीचे पत्र हातात आले की लोक पेढे वाटतात आणि फाईल कपाटात जाते. खरे काम तिथून सुरू होते.

पक्षाची बांधणी बहुतेक जण महसुली नकाशाप्रमाणे करतात: जिल्हा, तालुका, गाव. पत्रकार परिषदेसाठी आणि मोर्च्यासाठी ते ठीक, कारण जिल्हाधिकारी आणि तहसीलदार त्याच पातळीवर बसतात. निवडणूक मात्र विधानसभा मतदारसंघावर चालते. मतदार यादी, निवडणूक निर्णय अधिकारी, खर्चाचा हिशेब, मतमोजणी सगळे मतदारसंघाला धरून असते. पुष्कळ ठिकाणी एक तालुका दोन मतदारसंघांत विभागलेला असतो. मग दोन मतदारसंघांत एकच तालुकाध्यक्ष, किंवा एका मतदारसंघात तीन तालुकाध्यक्ष, आणि उमेदवार कुणाला विचारणार हेच ठरत नाही. म्हणून तालुकाध्यक्ष असले तरी प्रत्येक विधानसभा मतदारसंघाला एक प्रमुख वेगळा नेमावा आणि बूथची यादी त्याच्या ताब्यात असावी.

महाराष्ट्रात २८८ मतदारसंघ आणि एक लाखाहून अधिक मतदान केंद्रे. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे. एका केंद्रावर उमेदवाराला एक मतदान प्रतिनिधी आणि बदली म्हणून दोन, असे तीन जण नेमता येतात. पूर्ण मतदारसंघासाठी हजारभर माणसे झाली, आणि ती शक्यतो त्याच भागातले मतदार असलेली. त्यांच्या नेमणुकीच्या नमुना १० वर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही आधीच घेऊन ठेवावी लागते. मतदान सुरू होण्याच्या ९० मिनिटे आधी अभिरूप मतदान (यंत्र तपासण्यासाठीचे चाचणी मतदान) होते, म्हणजे सातला मतदान असेल तर साडेपाचला माणूस केंद्रावर हवा. संध्याकाळी नमुना १७सी ची प्रत घेतल्याशिवाय त्याने केंद्र सोडायचे नाही. किती मते पडली याचा तोच अधिकृत आकडा, आणि मतमोजणीच्या टेबलावर तोच पडताळायचा असतो. माझ्या मते पक्षाची ताकद मोजायची तर सभेची गर्दी पाहू नये. किती केंद्रांवर ही प्रत गोळा झाली ते पाहावे.

चिन्हाबद्दल गैरसमज फार आहेत. नोंदणी झाली म्हणजे चिन्ह मिळाले असे नाही. राखीव चिन्ह फक्त मान्यताप्राप्त पक्षाला, आणि राज्य पक्षाची मान्यता मिळवायचा एक मार्ग म्हणजे विधानसभेत ६ टक्के मते आणि २ जागा. नुसत्या नोंदणीकृत पक्षाला चिन्ह आदेश १९६८ च्या परिच्छेद १०बी खाली समान चिन्हासाठी अर्ज करता येतो. सभागृहाची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी खिडकी उघडते. मुक्त चिन्हांच्या यादीतून पसंतीक्रमाने दहा चिन्हे द्यायची. स्वतःचे नवे चिन्हही सुचवता येते, पण त्यात पशुपक्षी नकोत आणि धार्मिक छटा नको. विधानसभेसाठी राज्यातल्या किमान ५ टक्के जागा लढवाव्या लागतात. महाराष्ट्रात त्या १५ होतात. आणि जो आधी अर्ज करील त्याला चिन्ह. तमिळनाडूतल्या नाम तमिळर कच्ची या पक्षाने २०१९ आणि २०२१ मध्ये ऊस धरलेल्या शेतकऱ्याच्या चिन्हावर मते मिळवली होती. २०२४ ला ते चिन्ह आधी अर्ज करणाऱ्या दुसऱ्या पक्षाकडे गेले आणि नाम तमिळर कच्चीला माइक या चिन्हावर लढावे लागले. जानेवारी २०२४ पासून या अर्जासोबत मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि मागच्या दोन निवडणुकांचे खर्च विवरणही मागतात. हिशेब नीट नसतील तर चिन्हही अडते.

एबी फॉर्म हा निवडणुकीतला सगळ्यात धावपळीचा कागद. फॉर्म ए म्हणजे उमेदवारांची नावे कळवण्याचा अधिकार पक्षाने कुणाला दिला ते सांगणारा. त्यावर त्या व्यक्तीच्या नमुना सह्या असतात. तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याला, दोघांनाही जावा लागतो. फॉर्म बी म्हणजे अमुक मतदारसंघात अमुक उमेदवार आमचा. दोन्ही फॉर्म नामनिर्देशनपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत पोचले पाहिजेत. सही शाईची, मूळ. झेरॉक्स, स्कॅन, रबरी शिक्क्याची सही चालत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फॉर्म छापून दिला तर नाहीच नाही. ज्याच्या नमुना सह्या फॉर्म ए वर आहेत त्यानेच फॉर्म बी वर सही करायची, दुसऱ्याने केली की संपले. एकाच मतदारसंघात दोघांना फॉर्म बी दिले गेले आणि पहिला रद्द केल्याचे लिहून दिले नाही, तर ज्याचे नामनिर्देशनपत्र आधी दाखल झाले तो पक्षाचा उमेदवार ठरतो. प्रत्येक फॉर्मला क्रमांक द्यावा, कुणाकडे दिला त्याची वही ठेवावी, कोरे सही केलेले फॉर्म कुणाच्याही हाती देऊ नयेत. तिकीटवाटपाची भांडणे याच फॉर्मवरून होतात, आणि वही नसेल तर कोण खरे सांगतोय हे कळायला मार्ग राहत नाही.

फॉर्म मिळाल्याच्या आनंदात सूचक, म्हणजे नामनिर्देशनपत्रावर उमेदवाराचे नाव सुचवून सही करणारे मतदार, विसरतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अपक्षासारखेच दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार. दोन-तीन जादा सूचकांच्या सह्या असलेला दुसरा अर्जही भरून ठेवावा. विधानसभेची अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ५,०००. उमेदवारावर गुन्हे प्रलंबित असतील तर सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या आदेशाप्रमाणे पक्षाने निवडीपासून ४८ तासांत ते वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करायचे, सोबत याच उमेदवाराला का निवडले त्याची कारणे. ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालत नाही. त्याचा अहवाल ७२ तासांत आयोगाला जातो.

पैशांचे नियम थोडे आहेत, पण पाळणे जिकिरीचे. रोखीत एका व्यक्तीकडून २,००० रुपयांपर्यंतच देणगी घ्यावी. त्यापुढे धनादेश किंवा बँकेमार्फत, नाहीतर प्राप्तिकराची सूट जाते. वर्षभरात एका देणगीदाराकडून २०,००० रुपयांहून जास्त आले तर त्याचे नाव, पत्ता, पॅन यांसह नमुना २४ए मध्ये अहवाल. सरकारी कंपनीकडून आणि परदेशी स्रोताकडून काहीही नाही. लेखापरीक्षित वार्षिक हिशेब ३१ ऑक्टोबरपर्यंत. विधानसभा निवडणूक झाल्यावर ७५ दिवसांत आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत पक्षाचे खर्च विवरण. हे उमेदवाराच्या विवरणाहून वेगळे असते. आमच्यासारख्या अमान्यताप्राप्त पक्षांनी हे राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यायचे. अडचण नेहमी तालुक्याच्या पातळीवर होते: सभेसाठी गोळा केलेले पैसे तिथेच मंडपवाल्याला दिले जातात आणि वरच्या वहीत येतच नाहीत. प्रत्येक शाखेला क्रमांक असलेली पावतीपुस्तके द्यावीत आणि दर महिन्याला स्थळप्रती परत मागवाव्यात. कोषाध्यक्ष कडक माणूस हवा, भिडस्त नको.

हे सगळे न करणाऱ्यांवर आता कारवाई होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे काही अपवाद सोडता आयोगाला नोंदणी रद्द करता येत नाही, पण यादीतून वगळता येते, आणि मग सवलती जातात. २०१९ पासून एकही निवडणूक न लढलेले ३३४ पक्ष ऑगस्ट २०२५ मध्ये वगळले गेले, सप्टेंबरमध्ये आणखी ४७४. त्याच वेळी निवडणूक लढवूनही तीन वर्षांचे हिशेब आणि खर्च विवरण न दिलेल्या ३५९ पक्षांवर कारवाई सुरू झाली.

शेवटी, महानगरपालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद किंवा पंचायत समिती लढवायची असेल तर महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. दिल्लीचे नोंदणीपत्र तिथे फक्त एक जोडपत्र ठरते, आणि हिशेब त्यांच्याकडेही स्वतंत्रपणे द्यावे लागतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत, तिथे हा प्रश्नच नाही. ही दुसरी नोंदणी निवडणूक जाहीर व्हायची वाट न पाहता दिल्लीचे पत्र आल्याबरोबर सुरू करावी. कागद ताजे असतात, सह्या करणारे पदाधिकारी तेच असतात आणि तक्ता तयार असतो.